ज्येष्ठ निवासाचा विस्तार: डिझाइनचा आढावा कसा घ्यावा

ज्येष्ठांचं एखादं निवासी संकुल वाढवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत पडद्यावर एक देखणं त्रिमिती चित्र येतं. त्यात छान ऊन पडलेलं असतं, झाडं आधीच मोठी झालेली असतात आणि बाकावरच्या आजी-आजोबांच्या हातात काठीसुद्धा नसते. सगळे माना डोलावतात, बाहेरच्या रंगावर दहा मिनिटं चर्चा होते आणि आढावा झाला असं धरलं जातं. पुढे इमारत उभी राहिली की कळतं, नव्या विंगचा मजला जुन्या मजल्याच्या वीतभर वर आलाय, भोजनगृहात जागा पुरत नाही आणि जुन्या विंगमधल्या आठ खोल्यांच्या खिडक्यांसमोर आता नवी भिंत आहे.

विस्ताराच्या प्रकल्पात नवी इमारत स्वतःपुरती सहसा बरी असते. गोची होते ती जोडात: जुन्या-नव्या मजल्यांच्या, जुन्या-नव्या नळांच्या, आधीपासून राहणाऱ्यांच्या आणि नव्याने येणाऱ्यांच्या. म्हणून आढावा घेताना नव्या नकाशाइतकाच वेळ, खरं तर थोडा जास्तच, या जोडांना द्यायला हवा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत. संस्थेचे विश्वस्त, व्यवस्थापक, रहिवाशांच्या समितीतले सदस्य किंवा अशा बैठकीला पहिल्यांदाच बसणारे आर्किटेक्ट, कुणालाही त्या वापरता येतील.

पायरी १: आढावा कधी घ्यायचा आणि कुणाला बसवायचं

आढावा एकदाच घेऊन भागत नाही. निदान तीन बैठका हव्यात. पहिली संकल्पना-नकाशाच्या वेळी, म्हणजे इमारत जागेवर कुठे आणि कशी बसणार एवढंच ठरलेलं असताना. दुसरी खोल्या, जिने, शाफ्ट (नळ-वायरी वरखाली नेणारे पोकळ भाग), दारं पक्की होत असताना. तिसरी निविदा काढण्याआधी, सगळे तपशील कागदावर आलेले असताना. पहिल्या बैठकीत भिंत हलवायला पेन्सिल पुरते. तिसरीत तीच भिंत हलवायची तर स्ट्रक्चरलवाला, प्लंबिंगवाला आणि वीजवाला असे सगळेच आपापली ड्रॉइंग्ज परत काढतात आणि बिलं पाठवतात.

टेबलाभोवती कोण बसतं यावर आढाव्याचा निम्मा दर्जा ठरतो. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि विश्वस्त असतातच. सहसा जे नसतात त्यांना बोलवा: रात्रपाळीची नर्स, स्वयंपाकघराचे प्रमुख, साफसफाईची जबाबदारी असलेली व्यक्ती आणि गळती कुठे होते हे तोंडपाठ असलेला देखभालीचा माणूस. हा शेवटचा तर हवाच. जुन्या इमारतीत कुठे पाणी मुरतंय हे त्याला ठाऊक असतं, नकाशाला नसतं.

रहिवाशांना मात्र वेगळं भेटा. व्यवस्थापनासमोर बसवलं की बहुतेक ज्येष्ठ 'छान आहे हो सगळं' म्हणून मोकळे होतात. चार-पाच जणांचा छोटा गट करा. त्यात वॉकर वापरणारं एक, व्हीलचेअरवरचं एक, कमी ऐकू येणारं एक आणि दर बैठकीत तक्रार करणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं एक माणूस नक्की घ्या. तक्रार करणाऱ्याने बहुतेक गोष्टी आधीच नीट पाहिलेल्या असतात.

पायरी २: नकाशा उघडण्याआधी एक पान लिहा

कुणासाठी बांधतोय, हे एका पानात लिहून काढा. 'पन्नास खोल्या' हे उत्तर नाही. स्वतःचं स्वतः करू शकणारे किती, अंघोळ-कपडे-औषधांना मदत लागणारे किती, स्मृतिभ्रंश असलेले किती, अंथरुणाला खिळलेले किती? आणि ही विभागणी आज काय आहे, दहा वर्षांनी काय असेल?

हा दुसरा प्रश्न टाळला जातो. संकुल सुरू झालं तेव्हा सत्तरीत आलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे असतात. त्यांना आता वेगळी जागा लागते. विस्ताराचा पहिला फायदा त्यांना मिळायला हवा, पण विस्ताराचं गणित बहुतेक वेळा नव्याने येणाऱ्या धडधाकट माणसांवर मांडलेलं असतं. पॉवेल लॉटन आणि लुसिल नाहेमोव या अमेरिकन अभ्यासकांनी १९७३ मध्ये एक साधी मांडणी केली होती: माणसाची क्षमता आणि परिसराची त्याच्याकडून असलेली मागणी यांचा मेळ बसला तर माणूस नीट वावरतो. मागणी फार झाली की तो कोलमडतो आणि फारच कमी झाली की सुस्त होतो. आढाव्यात ही मांडणी फार कामाला येते. सगळीकडे रुग्णालयासारखी सोय करून ठेवा, असा तिचा अर्थ नाही. खोली आज मोकळी-ढाकळी वाटावी आणि उद्या भिंत न फोडता तिच्यात आधाराचे दांडे, उचलायचं यंत्र किंवा रुग्णालयातला पलंग बसावा, अशी ती असावी.

प्रतीक्षायादीवरही फार विसंबू नका. यादीत नाव घालणं आणि सामान घेऊन राहायला येणं यात बरंच अंतर असतं. मागच्या काही वर्षांत यादीतल्या किती जणांना बोलावलं आणि त्यातले किती खरंच आले, ते बघा. तो आकडा खरा.

पायरी ३: जुन्या वास्तूची उलटतपासणी

जुन्या इमारतीचे नकाशे कपाटात असतील, पण त्यांच्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. मंजुरीच्या नकाशात एक असतं, बांधलेलं दुसरं असतं आणि नंतर केलेल्या दुरुस्त्यांची नोंद कुठेच नसते. प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. विशेषतः प्रत्येक मजल्याची पातळी, तुळयांची खोली, ड्रेनेजच्या चेंबरची खोली आणि जमिनीखालून गेलेल्या केबल.

मग सामायिक सोयींचा हिशेब मांडा. एक उदाहरण घेऊ. समजा आज ९० रहिवासी आहेत आणि भोजनगृहात ६० खुर्च्या. दोन पाळ्यांत जेवणं होतात. नव्या विंगमध्ये ५० जण येणार. एकूण १४०, म्हणजे दोन पाळ्यांत १२० च्या वर जाता येत नाही, तिसरी पाळी आली. एका पाळीला पाऊण तास, मधल्या आवराआवरीला पंधरा मिनिटं धरली तर दुपारचं जेवण पावणेतीन तास चालतं. स्वयंपाकघरातल्या लोकांना रात्रीच्या तयारीला वेळच उरत नाही. शिवाय ६० खुर्च्या हा आकडाही फसवा. व्हीलचेअर टेबलाशी लागली की एका खुर्चीपेक्षा बरीच जागा खाते आणि प्रत्येक वॉकर जेवणभर कुठेतरी उभा करून ठेवावा लागतो. तो वाटेत ठेवला की पुढचा माणूस अडखळतो. नकाशावर वॉकर ठेवायची जागा दाखवलेली आहे का, हा प्रश्न विचारलात की खोलीत क्षणभर शांतता पसरते. विचाराच.

असाच हिशेब लाँड्री, पाण्याच्या टाक्या, सांडपाणी प्रक्रिया, लिफ्ट, जनरेटर, पार्किंग आणि कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांचा करा. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. पन्नास रहिवासी वाढले की त्यांना सांभाळणारी माणसंही वाढतात, आणि त्यांनाही पाळीमध्ये पाठ टेकायला जागा लागते.

पायरी ४: जोड तपासा

आता जुनी आणि नवी इमारत जिथे भेटतात तिथला उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यावर दिसेल तसं चित्र, मागा. आराखड्यात सगळं सपाट दिसतं, लबाडी छेदात कळते.

पातळीतला फरक १५० मिमी असेल तर १:१२ च्या उताराला १.८ मीटर लांबी लागते. पण १:१२ हा बहुतेक नियमांतला चढाचा कमाल आकडा आहे. स्वतःच्या हाताने चाक ढकलणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला तो जड जातो. १:२० धरा, म्हणजे ३ मीटर. इथवर ठीक आहे. खरी अडचण वरच्या मजल्यांवर होते. जुन्या इमारतीत मजल्याची उंची ३ मीटर आणि नव्या इमारतीत एसीच्या डक्टसाठी ३.३ मीटर ठेवली असेल, तर तळमजला जुळवला तरी पहिल्या मजल्यावर ३०० मिमी, दुसऱ्यावर ६०० आणि तिसऱ्यावर ९०० मिमी फरक पडतो. १:२० ने तिसऱ्या मजल्यावरचा उतार १८ मीटर लांब, मधले विसाव्याचे टप्पे वेगळेच. तेवढा पूल कुणी देत नाही. मग 'वरच्या मजल्यांवर जोड नको, खाली उतरून या' असा तोडगा निघतो आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मैत्रिणींची रोजची भेट दोन लिफ्टच्या पलीकडे जाते. मजल्याची उंची जुन्याशी जुळवायची असेल तर ती पहिल्याच बैठकीत जुळवावी लागते.

दोन इमारतींमध्ये हालचालीसाठी सांधा सोडावाच लागतो, कारण नवा पाया थोडा बसतो आणि जुना आधीच बसलेला असतो. या सांध्यावरची धातूची पट्टी कुठली हे बघा. उंचवटा करणारी पट्टी वॉकरच्या पुढच्या चाकांना अडवते. मजल्याच्या पातळीत बसणारी पट्टी महाग असते, पण घ्यावी ती तीच.

मग अंतरं मोजा. नव्या विंगच्या शेवटच्या खोलीपासून भोजनगृहापर्यंत किती मीटर? वाटेत बसायला जागा किती? दर दहा-बारा मीटरवर हातांची खुर्ची असावी. हातांची यासाठी की उठताना रेटा द्यायला काहीतरी लागतं. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि तो दारापाशी तुटला तरी कोपऱ्यावर तुटू नये.

नवी विंग कुणाचा उजेड अडवतेय हेही याच बैठकीत विचारा. जुन्या विंगमधल्या कुठल्या खिडकीतून आज काय दिसतं आणि उद्या काय दिसेल, याची यादी करा, खोली क्रमांकासकट. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास इथे आठवतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्णालयातले ते काही दिवस होते. इथे माणूस त्याच खिडकीशी वर्षानुवर्षं बसणार आहे. ज्यांच्यासमोर भिंत येणार त्यांना पर्यायी खोली देणार का, हे ठरवून लिहून ठेवा. नंतर या गोष्टीचं भिजत घोंगडं पडतं.

पायरी ५: रात्रीचे दोन वाजलेत असं समजून खोली चाला

आढाव्याची सगळ्यात उपयोगी पद्धत ही: नकाशावर बोट ठेवा आणि एका माणसाचा एक तास चाला.

रात्री दोनला आजींना लघवीला जायचंय. पलंग कुठे आहे? नकाशात दाखवलाय, पण तिथेच राहील का? पडून राहून हात पोहोचेल असं बटण आहे का, की दिवा लावायला दारापर्यंत जायचंय? पायाखाली मंद उजेड आपोआप लागतो का? पलंगावरून कमोड दिसतो का? स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा आहे. कमोड नजरेला पडला तर त्याचा वापर वाढतो, बंद दारामागे असला की ते दार कसलं हेच आठवत नाही. आता दारापर्यंत हाताला काय लागतं? भिंत, कपाट, की मधली मोकळी जागा? दार कुठे उघडतं? आत उघडणारं असेल आणि आजी आतच पडल्या तर त्यांच्या अंगामुळे दार उघडणार नाही. सरकतं किंवा बाहेर उघडणारं दार हवं, निदान बाहेरून उचलून काढता येणारं तरी.

दाराची रुंदी विचारताना चौकटीची नको, मोकळी रुंदी विचारा. ९०० मिमीच्या चौकटीतून बिजागरं आणि फळीची जाडी वजा जाता ८०० च्या आसपास उरतं. व्हीलचेअर ढकलणाऱ्याची बोटं त्यात सोलतात. मोकळे ९०० मिमी मागा.

आत व्हीलचेअर वळायला १५०० मिमी व्यासाचं वर्तुळ नकाशावर काढून दाखवायला सांगा, आणि ते बेसिनखालून, कमोडवरून गेलेलं नाही ना हे तपासा. कमोडची बैठक साधारण ४५० ते ४८० मिमी उंचीवर. अंघोळीची जागा उंबरठ्याविना, पण मग पाणी खोलीत येतं, म्हणून उतार आणि लांबट जाळीचा निचरा छेदात दाखवलेला हवा. 'साइटवर बघू' हे उत्तर स्वीकारू नका. साइटवर बघतात तेव्हा स्लॅब पडून गेलेला असतो.

आधाराच्या दांड्यांचंही तसंच. दांडा कुठेही लावता येतो हा गैरसमज आहे. घसरणाऱ्या माणसाचं सगळं वजन एका झटक्यात त्यावर येतं आणि हलक्या पार्टिशनमधून स्क्रू उपटून निघतात. भिंतीच्या आत प्लायची किंवा धातूची पाटी आधीच बसवावी लागते, आणि ती आजच्या गरजेपेक्षा मोठ्या भागात. उजवा हात गेलेल्या माणसाला दांडा डावीकडे लागतो, पुढच्या रहिवाशाला कदाचित उजवीकडे.

एवढं करूनही कागद तो कागदच. एक खोली आणि तिचं बाथरूम पूर्ण मापाने उभं करा. रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याच्या भिंती करून, खरा पलंग आणि खरी व्हीलचेअर ठेवून. मग पायरी १ मधला रहिवाशांचा गट बोलवा आणि दोन मदतनिसांना एखाद्या माणसाला पलंगावरून कमोडवर नेऊन दाखवायला सांगा. तुम्ही काही बोलू नका, फक्त बघा. त्यांचं कोपर कुठे आपटतं, कुणाला मागे सरावं लागतं, कुठे ते आपसूक हात पुढे करतात आणि हाताला काही लागत नाही. त्या ठिकाणी खडूने खूण करा. तासाभरात जितक्या खुणा पडतात तितक्या चुका महिनाभर नकाशा बघूनही सापडत नाहीत.

कर्मचाऱ्यांची रात्रही अशीच चाला. रात्रपाळीला एका मजल्यावर दोनच जण असतील तर एक जण एका खोलीत अडकल्यावर दुसऱ्याला किती दारं दिसतात? मळके कपडे भोजनगृहासमोरून जातात का? औषधांची ट्रॉली कुठे उभी राहते, आणि तिथे पुरेसा उजेड आहे का?

आणखी एक वाट चालून बघा, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इथे माणसं शेवटपर्यंत राहणार आहेत. देह बाहेर नेण्याची वाट कुठली? स्ट्रेचर आडवं मावेल अशी लिफ्ट हवी, आतून साधारण ११०० बाय २१०० मिमी. ती वाट नाश्त्याला निघालेल्या सगळ्यांमधून जाणारी नसावी, आणि कचऱ्याच्या दारातूनही नसावी. दुसरी गोष्ट मी जास्त ठिकाणी पाहिली आहे. ती जास्त खटकते.

पायरी ६: डोळे, कान आणि विसर

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणजे नेहमीच्या हिशेबाने केलेली प्रकाशयोजना इथे अपुरी. पण नुसते दिवे वाढवले तर चकाकी वाढते, आणि वयस्क डोळ्याला ती जास्त त्रास देते. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. कॉरिडॉरच्या टोकाला मोठी खिडकी आणि खाली चकचकीत फरशी ही आर्किटेक्टची आवडती जोडी. ज्येष्ठांना मात्र ती फरशी ओली वाटते आणि ते भिंतीला धरून चालू लागतात.

रंगांत फरक हवा तिथे ठळक हवा: कमोडची बैठक आणि फरशी, दांडा आणि भिंत, पायरीची कड आणि पायरी. रंग किती उजेड परत फेकतो याच्या ० ते १०० च्या मोजपट्टीवर निदान ३० गुणांचा फरक ठेवतात. याउलट, फरक नको तिथे तो नसावा. फिकट फरशीवर दाराशी काळं पायपुसणं टाकलं तर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तिथे खड्डा दिसतो. रंग-फरशीच्या नमुन्यांचा सॅम्पल बोर्ड बैठकीच्या खोलीतल्या उजेडात न बघता प्रत्यक्ष जागेवर, संध्याकाळी बघा.

आवाजाबाबत फार लांबण लावत नाही. भोजनगृहाचं छत आवाज शोषणारं हवं, नाहीतर श्रवणयंत्र लावलेल्यांना सगळा नुसता गलका ऐकू येतो आणि ते हळूहळू खोलीत जेवायला लागतात. झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. नवा जनरेटर आणि एसीचं पाणी गार करणारा चिलर कुणाच्या खिडकीखाली बसतोय ते बघा.

स्मृतिभ्रंशाच्या विभागाची चर्चा निघाली की नेदरलँड्समधल्या वेस्पच्या होगवेकचं नाव कुणीतरी घेतंच. २००९ पासूनचं ते 'गाव' बघून लोक दुकानांच्या पाट्या आणि चौकाची नक्कल करतात. तिथून घ्यायची ती गोष्ट वेगळी आहे: सहा-सात जणांचं एक घर, त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा दिवसक्रम. तीस जणांच्या एका लांब विंगला दुकानाची पाटी लावून ते होत नाही. कॉरिडॉरचं टोक बंद दारात संपू नये, काहीतरी बघण्याजोगं, बसण्याजोगं तिथे असावं. एकसारखी दारं ओळीने असतील तर प्रत्येकाशेजारी एक छोटी कपाटवजा खिडकी द्या, ज्यात त्या माणसाच्या आयुष्यातलं काही ठेवता येईल.

पायरी ७: आग, पाणी, वीज

इथे माणसं जिन्याने पळणार नाहीत हे गृहीत धरूनच सगळं तपासायचं. मजला आगरोधक भिंतींनी निदान दोन भागांत विभागलेला असावा, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात, त्याच पातळीवर, पलंगासकट सरकवता येतं. विस्तारात एक खास प्रश्न विचारायचा असतो: नवी विंग जिथे चिकटते तिथे जुन्या विंगचा बाहेर पडण्याचा रस्ता होता का? बऱ्याचदा असतो, कारण जिना टोकाला असतो आणि जोडही टोकालाच होतो. आगरोधक दारं जड असतात, म्हणून कुणीतरी खाली लाकडाचा तुकडा सारून ती उघडी ठेवतं. चुंबकाने उघडी राहणारी आणि अलार्म वाजला की आपली आपण मिटणारी दारं लिहून मागा. जुनी आणि नवी अलार्म यंत्रणा एकमेकांशी बोलतात का, तेही.

पाण्यात विस्ताराची छुपी जोखीम आहे. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलातल्या अधिवेशनानंतर फुप्फुसांच्या ज्या आजाराची साथ उजेडात आली त्याचे लिजिओनेला जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात, साधारण २० ते ४५ अंश तापमानात. नवी विंग एकदम भरत नाही. काही खोल्या महिनोन्महिने रिकाम्या असतात आणि त्यांच्या नळांत पाणी तसंच बसून राहतं. म्हणून टोकं बंद असलेले पाइप टाळा, रिकाम्या खोल्यांतले नळ ठरलेल्या दिवशी सोडायची पद्धत आत्ताच लिहून ठेवा. गरम पाणी ६० अंशांवर साठवावं लागतं, पण तेवढं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. नळापाशी गरम-गार पाणी मिसळणारी मिश्रण-झडप बसवून ते साधारण ४३ अंशांच्या आत आणायचं. झडप दुरुस्तीला हाताशी आहे की छताच्या आत गाडलीय, हे देखभालीच्या माणसाला विचारा.

विजेबद्दल एकच: वीज गेल्यावर काय काय चालू राहतं याची यादी मागा. लिफ्ट, बोलावण्याची घंटा, ऑक्सिजन काँसन्ट्रेटरचे सॉकेट, औषधांचा फ्रीज. जनरेटर जुना असेल तर ही यादी दोन्ही विंगची मिळून.

पायरी ८: बांधकाम चालू असतानाचे नकाशे

मोकळ्या जागेवरच्या प्रकल्पात हा प्रश्नच नसतो. इथे मात्र पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. म्हणून पूर्ण झालेल्या इमारतीच्या नकाशाबरोबर प्रत्येक टप्प्याचा वेगळा नकाशा मागा. त्या महिन्यांत रुग्णवाहिका कुठून येणार, बाहेर पडायचा तात्पुरता रस्ता कुठला, रहिवासी संध्याकाळी कुठे चालणार, ट्रक कुठे वळणार, हे त्यावर असावं.

धूळ ही नुसती घाण नव्हे. तोडफोडीतून अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी हवेत उडते आणि फुप्फुसं कमजोर असलेल्यांना ती गंभीर आजारी पाडू शकते. पडदा टांगून भागत नाही. जमिनीपासून स्लॅबपर्यंत बंद आडोसा आणि कामाच्या बाजूला हवेचा दाब कमी ठेवणारा पंखा हवा. कुठल्या वेळी ड्रिल चालणार नाही तेही करारात घाला. पाणी आणि वीज बंद करायची पूर्वसूचना किती तास आधी, तेही. स्मृतिभ्रंश विभागालगतचं काम शक्य तितकं सलग उरका. रोज बदलणारी वाट त्यांना फार बिथरवते.

पायरी ९: कात्री लागण्याआधी यादी करा

निविदा आल्या की आकडा जास्त निघतो आणि कपात सुरू होते. त्या घाईत नेमक्या न दिसणाऱ्या गोष्टी उडतात: भिंतीतल्या पाट्या, आवाज शोषणारं छत, सांध्यावरची सपाट पट्टी, मिश्रण-झडपा. प्रवेशद्वाराचा दगड मात्र राहतो. त्यामुळे ज्यांना हात लावायचा नाही अशांची यादी निविदेआधीच मंजूर करून घ्या. आणि बांधकामखर्चाशेजारी दुसरा रकाना मांडा: या रचनेत रात्रपाळीला किती माणसं लागतील? दोन लहान विंगऐवजी एक लांब विंग केली आणि त्यामुळे रोज एक माणूस जास्त लागला, तर बांधकामातली बचत काही वर्षांत पगारात जाते आणि पुढेही जातच राहते.

पायरी १०: शेऱ्यांची वही

बैठकीत बोललेलं हवेत विरतं. एक तक्ता ठेवा: शेरा क्रमांक, शीट (ड्रॉइंगचा कागद) क्रमांक, शेरा, उत्तर कोणी द्यायचं, उत्तर, स्थिती. शेरा कसा लिहायचा त्यालाही तंत्र आहे. 'बाथरूम लहान वाटतं' याला कुणी उत्तर देत नाही. असा लिहा: 'शीट अ-२०४, खोली प्रकार २. कमोडच्या डाव्या बाजूला भिंतीपर्यंत ३०० मिमी जागा आहे. व्हीलचेअर शेजारी लावून सरकायला साधारण ९०० मिमी लागते. बेसिन समोरच्या भिंतीवर नेता येईल का? उत्तर: आर्किटेक्ट.'

'नोंद घेतली' हे उत्तर धरू नका. बदल केला, केला नाही आणि का, किंवा अमुक तारखेपर्यंत ठरवू, एवढीच तीन उत्तरं चालतील. नवी ड्रॉइंग्ज आली की बदललेला भाग ढगासारख्या रेषेने घेरलेला आणि आवृत्तीचं अक्षर बदललेलं असावं. तसं नसेल तर शीट परत पाठवा, कारण न दाखवलेले बदल शोधत बसणं तुमचं काम नाही. ढगाबाहेरचंही दोन-तीन शीटवर नमुन्यादाखल पडताळा. कधीकधी एक दुरुस्ती करताना दुसरीकडची जुनी चूक परत येते, विशेषतः दारांच्या उघडण्याच्या दिशा.

मंजुरी देताना उघडे राहिलेले शेरे पत्रातच क्रमांकासह लिहा आणि ते मिटेपर्यंत संबंधित भागाचं काम सुरू होणार नाही असं नमूद करा. वही तिथे बंद करू नका. लोक राहायला आल्यावर सहा महिन्यांनी तीच नर्स, तोच देखभालीचा माणूस आणि रहिवाशांचा तोच गट घेऊन, वही हातात धरून दोन्ही विंगमधून फिरा. जे आता बदलता येईल ते दोषकाळात, म्हणजे काम संपल्यावर कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या ठरलेल्या मुदतीत, त्याच्याकडून करून घ्या. तो काळ संपायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असू द्या.